मागचे ड्रम काढून डिस्क बसवण्याआधी

मागच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क बसवायची असेल तर पहिला पाना लावण्याआधी एकच चौकशी करायची: याच गाडीच्या याच ढाच्याला कारखान्याने कधी मागे डिस्क दिली होती का? दिली असेल तर हे काम म्हणजे तयार भाग गोळा करून जुळवणं. दिली नसेल तर भलत्याच गाडीचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा) वेल्ड केलेल्या पट्टीवर टांगायची वेळ येते, आणि ब्रेकच्या बाबतीत तसला जुगाड करू नये.

इथे उदाहरण घेतलंय 1992 ते 2000 मधल्या होंडा सिव्हिकचं. अमेरिकेत तिच्या साध्या मॉडेलना मागे ड्रम होते, पण 1992–95 आणि 1999–2000 च्या सिव्हिक एसआयला आणि होंडाच्याच 1994–2001 च्या अक्युरा इंटेग्राला मागे डिस्क होत्या, आणि इंटेग्राचे मागचे ट्रेलिंग आर्म (मागचं चाक गाडीला धरून ठेवणारे दांडे) या सिव्हिकला बोल्टने थेट बसतात. भारतात सिव्हिक आली ती 2006 साली, त्यानंतरच्या पिढीची, त्यामुळे हा खटाटोप तिकडे जुनी सिव्हिक सांभाळून असलेल्यांचा. मात्र तपासायच्या गोष्टी कुठल्याही गाडीला याच. भारतात अशा कामाचा विचार असेल तर मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 आधी वाचा आणि आरटीओला व विमा कंपनीला लेखी विचारा. क्लेम नाकारला गेल्यावर विचारून उपयोग नाही.

अपेक्षाही आताच ठरवून घ्या. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ब्रेकचा बहुतेक भार पुढेच असतो आणि गाडी किती अंतरात थांबणार हे शेवटी टायर ठरवतात. मागे डिस्क लावल्याने लांब उतारावर ब्रेक तापून ढिले पडणं कमी होतं, पाण्यातून गेल्यावर पकड लवकर परत येते, पॅड बदलणं सोपं होतं. थांबायचं अंतर मात्र त्याने लक्षात येईल इतकं घटत नाही. टायर टणक झालेले असतील किंवा पुढचे पॅड संपत आले असतील तर पैसे आधी तिकडे घाला.

भागांची जमवाजमव सुरू करताना डिस्कवाल्या गाडीचे दोन्ही मागचे ट्रेलिंग आर्म अख्खे घ्या: हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), डिस्कमागचा पत्रा, कॅलिपर आणि त्याचं ब्रॅकेट यांसकट. ड्रमच्या आर्मवर कॅलिपर धरायला जागाच नसते, म्हणून नुसते कॅलिपर स्वस्तात मिळाले तरी ते बिनकामाचे. आर्म काढल्या काढल्या पेंटने डावा-उजवा लिहा. कॅलिपर उलट बाजूला बसले तर हवा काढायचं निपल खाली जातं आणि वर अडकलेली हवा कितीही पेडल मारलं तरी निघत नाही.

आणलेल्या या जुन्या आर्मवर तीन गोष्टी बघायच्या. हब हाताने फिरवून आवाज ऐका आणि पुढे-मागे हलवा. 0.05 मिमीच्या वर खेळ असेल तर बेअरिंग गेलेलं आहे. ते बदलायचं तर हबचा नट नवा लागतो, तो 181 न्यूटन-मीटरला आवळून कडा ठोकून लॉक करतात, म्हणून हे काम आर्म टेबलावर असतानाच उरका. मग पुढचा मोठा रबरी बुश. त्याला भेगा पडलेल्याच असतात असं धरून नवे दोन आणा. जुना प्रेसवर काढण्याआधी तो आर्ममध्ये कोणत्या कोनात बसलाय याची खूण करून फोटो काढा, कारण बुश फिरवून बसला तर रबराला कायमचा पीळ पडतो आणि वर्षभरात तो फाटतो. तिसरी गोष्ट डिस्क. इंटेग्राची मागची डिस्क 239 मिमी व्यासाची, भरीव, नवी असताना 9 मिमी जाडीची आणि 8 मिमीला बाद. भंगारातून आलेली डिस्क मोजत बसण्यापेक्षा नवी जोडी आणि नवे पॅड घेतलेले बरे. कॅलिपर मात्र नीट तपासा: पिस्टनभोवतीचं रबर फाटलंय का, हँडब्रेकचा लिव्हर ढकलून सोडल्यावर पूर्ण मागे येतो का. लिव्हर अर्ध्यात थांबत असेल तर तो कॅलिपर रिपेअर किट लावल्याशिवाय गाडीला लावू नका.

आता तेलाची बाजू. बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच ओढला जाऊन आणखी दाबला जातो. डिस्कमध्ये असलं फुकटचं बळ नाही, तितकीच पकड मिळवायला तिला जास्त दाब लागतो. ड्रमच्या गाडीचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह मागचा दाब ड्रमच्या हिशेबाने अडवत असतो. तो तसाच ठेवला तर नव्या डिस्क जेमतेम काम करतात, चकाकायच्या सोडून गंजतात, आणि सगळा खर्च करून मागचे ब्रेक आधीपेक्षा दुबळे होतात. याची उलट चूक जास्त घातक: कोणी सांगितलं म्हणून व्हॉल्व्ह काढून सरळ पाइप जोडला, तर जोरात ब्रेक मारताना मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गिरकी घेते. या सिव्हिकसाठी बिनएबीएसच्या (एबीएस म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) डिस्कवाल्या गाडीचा व्हॉल्व्ह लागतो. त्याच्या अंगावर 4040 हा आकडा ठोकलेला असतो. तो इंजिनमागच्या पत्र्यावर असतो. भंगारात आर्मबरोबर तोही काढून घ्या आणि तोंडं लगेच प्लगने बंद करा, आत धूळ गेली तर तो निकामी होतो. गाडीला एबीएस असेल तर हा हिशेब लागू नाही, तिथे त्याच मॉडेलच्या एबीएसवाल्या गाडीचेच भाग हवेत.

पेडल दाबल्यावर तेल ढकलणारा मास्टर सिलिंडरही बघा. कॅलिपरचा पिस्टन ड्रममधल्या व्हील सिलिंडरपेक्षा बराच मोठा, म्हणजे तेल जास्त लागतं आणि पेडल खोल जातं. ड्रमवाल्या सिव्हिकचा मास्टर 13/16 इंची असतो, 15/16 इंची लावला की क्षेत्रफळ 33 टक्क्यांनी वाढतं. तेवढंच तेल ढकलायला पेडल पाव हिश्श्याने कमी जातं, पण तेवढाच दाब द्यायला पाय एक तृतीयांश जास्त जोराने दाबावा लागतो. दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. लहान मास्टरवर गाडी थांबते, पेडल फक्त लांब वाटतं. आमचं मत मोठा मास्टर बसवावा असं आहे. तो बसवताना बूस्टरच्या (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याच्या) दांडीचं अंतर गेजने बघून घ्या, 0 ते 0.4 मिमी. दांडी आधीच पिस्टनला दाबून बसली तर ब्रेक पूर्ण सुटत नाहीत आणि दहा-पंधरा किलोमीटरमध्ये चारही चाकं तापतात. जुन्या अमेरिकन गाड्यांवर हे काम करणाऱ्यांनी आणखी एक बघावं: ड्रमच्या लाइनमध्ये साधारण 10 पीएसआय दाब धरून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो. तो राहिला तर डिस्कचे पॅड कायम घासत राहतात.

उरलेली खरेदी छोटी आहे, पण नेमकी यातलीच एखादी वस्तू रविवारी संध्याकाळी अडवते. डिस्कवाल्या गाडीच्या मागच्या होस पाइपची नवी जोडी. होस कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर कॅलिपरमागे दोन, म्हणजे चार, वर दोन जादा. हँडब्रेकच्या दोन केबल, त्या आपल्याच ढाच्याच्या डिस्कवाल्या सिव्हिकच्या, कारण ड्रमच्या केबलचं टोक कॅलिपरच्या लिव्हरमध्ये बसत नाही. ब्रेक ऑइल डॉट 3 किंवा 4, सीलबंद, एक लिटर. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनसाठी सिलिकॉनचं ग्रीस. साधं ग्रीस रबर फुगवतं.

हत्यारांत 10 मिमीचा फ्लेअर नट पाना हवाच. साध्या फिक्स पान्याने ब्रेक पाइपचे नट गोल झाले की पाइपच नवा करावा लागतो. डिस्कचे दोन चौफुली स्क्रू हातोडीने ठोकायच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरनेच सुटतात. पिस्टन आत घ्यायला फिरवायचं टूल लागतं: हा पिस्टन सी-क्लॅम्पने दाबला जात नाही, घड्याळाच्या दिशेने स्क्रूसारखा आत फिरवावा लागतो. जबरदस्तीने दाबला तर आतली हँडब्रेकची यंत्रणा तुटते. टॉर्क रेंच आणि दोन मजबूत घोड्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून आत हात घालू नये.

चाक बसतंय का तेही आधीच पाहा. 13 इंची रिम असेल तर चाक जमिनीवर आडवं ठेवून आत डिस्क-कॅलिपर धरून बघा. कॅलिपर आणि रिममध्ये 3 मिमी तरी जागा हवी. नसेल तर 14 इंची चाकांचा खर्च यादीत धरा.

बर्फात मीठ टाकतात त्या अमेरिकी राज्यांत आर्मचे बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेले असतात. दोन दिवस आधीपासून गंज सोडवायचं तेल मारत राहा, तरी एखादा कापावाच लागेल असं समजून नवे बोल्ट आणून ठेवा. मागचा टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) ठरवणारे बोल्ट लांबट खाचेत असतात, त्यांची जागा सोडवण्याआधी पंचने नोंदवा. गाडी अलाइनमेंटपर्यंत तरी सरळ जाईल.

बसवताना आर्मचे बुशवाले बोल्ट आधी हाताने लावा आणि शेवटचे 64 न्यूटन-मीटर गाडीचा भार चाकांवर आल्यावरच द्या, हवेत आवळले तर बुश पिळलेला राहतो. कॅलिपर ब्रॅकेट 38, कॅलिपरचे बोल्ट 23, बँजो 34, पाइपचे नट 15. हे आकडे आपल्या सालच्या मॅन्युअलशी ताडून घ्या. हवा काढायचा क्रमही त्यातूनच घ्या. पॅड बसवताना पिस्टनच्या तोंडावरची खाच पॅडच्या पाठीवरच्या उंचवट्याशी जुळवा, नाहीतर पॅड तिरका झिजतो.

हँडब्रेकच्या केबलला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. आधी पेडल बऱ्याचदा दाबून पॅड डिस्कजवळ आणा, मग केबल ताणा. हँडब्रेक सोडल्यावर कॅलिपरचा लिव्हर त्याच्या पिनला टेकलाच पाहिजे. टेकत नसेल तर केबल जास्त ताणली गेली आहे: पॅड घासत राहतील आणि झिजेनुसार आपोआप जवळ यायची व्यवस्थाही बंद पडेल.

पहिली चाचणी मोकळ्या, सपाट, ओल्या जागेत, 30–40 किमी वेगाने, बाहेर उभं राहून चाकं बघणारा एक माणूस ठेवून. पुढची चाकं आधी लॉक व्हायला हवीत. मागची आधी झाली तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही, परत व्हॉल्व्हपाशी यायचं. सगळं ठीक असेल तर ताशी 60 किमीवरून 10 पर्यंत असं आठ-दहा वेळा हळू करत पॅड डिस्कवर घासून जुळवून घ्या, मधे गाडी पूर्ण उभी करू नका. मग घरी येऊन चारही हबला हात जवळ नेऊन उष्णता बघा, बँजोपाशी कागदाने पुसून ओल तपासा, ऑइलची पातळी बाटलीवर खुणेने मांडा आणि मागचं अलाइनमेंट करून घ्या. दोन-तीनशे किलोमीटरनंतर हे सगळं, चाकांच्या नटांसकट, पुन्हा एकदा.