मल्टिमीटर कॅलिब्रेशनला पाठवण्यापूर्वी

कारखान्यातील मल्टिमीटर आणि क्लँपमीटर कॅलिब्रेशनला, म्हणजे प्रमाण उपकरणाशी ताडून पाहायला, जायचे असतील, तर सर्वप्रथम प्रयोगशाळेच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची व्याप्ती पाहावी. नुसत्या ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर विसंबू नये, कारण मान्यता प्रत्येक राशीला आणि रेंजला वेगळी असते. डीसी व्होल्टेजची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडे मोठ्या एसी करंटची असेलच असे नाही. मागणीपत्रात आपल्या रोजच्या वापरातले बिंदू लिहावेत, उदाहरणार्थ ५० हर्ट्झला २३० आणि ४१५ व्होल्ट. ते लिहिले नाहीत, तर प्रयोगशाळा आपल्या सोयीचे बिंदू घेते.

त्यानंतर फ्यूज तपासावा. एकदा आमचाच मीटर करंटच्या रेंज न तपासता परत आला, तेव्हापासून हे काम मी स्वतः करतो. बऱ्याच मीटरमध्ये लाल लीड व्होल्ट-ओहमच्या सॉकेटमध्येच ठेवून, नॉब ओहमवर फिरवून, तिचे टोक करंटच्या सॉकेटला आतून टेकवले की फ्यूज कळतो: थोडासा रोध दिसला तर फ्यूज शाबूत आहे, ‘ओएल’ (रेंजबाहेर) दिसले तर तो उडालेला आहे. बदलताना मॅन्युअलमधल्याच क्षमतेचा आणि व्होल्टेजचा फ्यूज घालावा. तार गुंडाळणे हा गुन्हाच समजावा. बॅटरी नवी घालावी आणि नेहमीच्या लीड सोबत द्याव्यात.

उपकरण बाहेरून पुसावे, मात्र आतल्या ॲडजस्टमेंटला हात लावू नये. मीटर आला त्या अवस्थेतली वाचने आधी घेऊन मगच ॲडजस्टमेंट करावी, असे मागणीपत्रात स्पष्ट लिहावे, कारण गेले वर्षभर आपण बरोबर मोजत होतो की नाही हे त्याच वाचनांवरून कळते. पाठवण्याआधी एखाद्या स्थिर रोधाचे वाचन नोंदवून ठेवावे आणि परत आल्यावर तेच पुन्हा घ्यावे. वाहतुकीतला धक्का तिथे उघडा पडतो.

स्वीकृतीची मर्यादा आधीच काढून ठेवावी. ०.१ व्होल्टपर्यंत दाखवणाऱ्या मीटरची एसी अचूकता वाचनाच्या १ टक्का अधिक शेवटच्या स्थानाचे ३ अंक असेल, तर २३० व्होल्टला ती २.३ अधिक ०.३, म्हणजे २.६ व्होल्ट होते. प्रमाणपत्रातली चूक या आकड्याशी ताडावी आणि त्यासोबत दिलेली अनिश्चितताही, म्हणजे प्रयोगशाळेच्या मोजमापातली संभाव्य तफावत, विचारात घ्यावी; चूक २.५ आणि अनिश्चितता ०.४ असेल, तर मीटर निश्चितपणे मर्यादेत आहे असे म्हणता येत नाही. पुढील तारीख प्रमाणपत्रात नसली, तर ती प्रयोगशाळेची हयगय नव्हे: आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ग्राहकाशी तसे ठरल्याखेरीज प्रयोगशाळा मुदत सुचवत नाही. वापर आणि मागील प्रमाणपत्रे पाहून ती आपणच ठरवावी आणि स्टिकरवर लिहावी.

शेवटी, कोणत्या कामासाठी कोणत्या क्रमांकाचा मीटर वापरला याचे रजिस्टर पूर्ण असल्याची खात्री करावी; मीटर मर्यादेबाहेर आढळला, तर मागील कॅलिब्रेशनपासूनची नेमकी कोणती मोजमापे पुन्हा तपासायची हे त्या रजिस्टरवरूनच काढावे लागते.