सॅप: दुरुस्त केलेला दोष लाइव्हवर परत आला तेव्हा

महिनाअखेरीची संध्याकाळ. डिस्पॅचमधून फोन आला, "साहेब, इन्व्हॉइसवर एचएसएन कोड येत नाहीये, गेटवर तीन गाड्या उभ्या आहेत." एचएसएन म्हणजे जीएसटीसाठी मालाच्या वर्गाचा कोड. कंपनीचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॅप सॉफ्टवेअरमधला हाच दोष आम्ही चार दिवसांपूर्वी दुरुस्त करून प्रॉडक्शनला, म्हणजे रोजचं काम चालतं त्या लाइव्ह सिस्टिमला, पाठवला होता.

एसटीएमएस (बदल एका सिस्टिममधून दुसरीत नेणारी सॅपची यंत्रणा) मधली इम्पोर्ट हिस्टरी उघडली आणि उलगडा झाला. त्याच प्रिंट प्रोग्रामची एक जुनी रिक्वेस्ट (बदल वाहून नेणारं पाकीट) अकाउंट्सच्या मंजुरीसाठी अडकली होती. त्या दुपारी मंजुरी मिळाली आणि ती इम्पोर्ट झाली. रिक्वेस्टमध्ये फक्त बदललेल्या ओळी जात नाहीत, रिलीजच्या, म्हणजे रिक्वेस्ट बंद करून पुढे पाठवण्याच्या, क्षणी असलेला अख्खा प्रोग्राम जातो. जुन्याने नव्याला पुसून टाकलं. नवी रिक्वेस्ट पुन्हा इम्पोर्ट केली, गाड्या सुटल्या.

पण झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीने. नवी दुरुस्ती जुन्या बदलावरच केली होती. म्हणजे अकाउंट्सने होकार देण्याआधीच त्यांचा बदल चार दिवस लाइव्ह होता!

आता क्वालिटीला (चाचणीच्या सिस्टिमला) फक्त 'ट्रान्सपोर्ट ऑफ कॉपीज', म्हणजे बदलाची प्रत, पाठवतो. मूळ रिक्वेस्ट उघडीच राहते, त्यामुळे प्रोग्रामला लॉक असतो आणि दुसरी रिक्वेस्ट त्याला हात लावू शकत नाही. चाचणी करणाऱ्या खात्याने सही केली की मगच मूळ रिलीज. शिवाय एसटीएमएसमध्ये क्यूए अप्रूव्हल चालू केलं: खातं आणि बेसिस (सॅप सिस्टिम सांभाळणारी टीम), दोघांचा होकार असल्याशिवाय प्रॉडक्शनला इम्पोर्ट होत नाही.

तातडीची दुरुस्ती आली की उघडी रिक्वेस्ट आडवी येते, हे खरं. तेव्हा अकाउंट्सच्या ताईंना फोन करून आधी विचारतो.