काचेवर काय आलंय ते बघा, मग गोगलगाय मागवा

आमचं घर वडगावात. खाली दोन पॉवरलूम, वर राहायची जागा, आणि वरच्या सोप्यात भिंतीलगत माझी दीडशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी. बेळगावात अशी टाकी ठेवणारे आम्ही मोजकेच. कुणी नवीन टाकी लावली की फोन येतो, "शेवाळ खायला किती गोगलगायी मागवू?" मी उलट विचारतो, काचेवर काय आलंय ते आधी सांगा की.

कारण प्रत्येक जिवाचं खाणं वेगळं. टाकीत पाणी भरून चार-सहा आठवडे गेले, अमोनिया आणि नायट्राइट ही पाण्यातली विषारी द्रव्यं शून्यावर आली, की वाळूवर तपकिरी भुकटीसारखा थर येतो. ते डायटम, म्हणजे एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ. पाण्यातलं सिलिका संपलं की बहुतेक वेळा आपोआप जातात. त्यांच्यासाठी सेरिथ चांगली. निमुळती, लांबट गोगलगाय, वाळूत शिरते, रात्री काच आणि खडक चाटत फिरते. काचेवर हिरवा पातळ थर असेल तर ट्रोकस आणा. ती उलटी पडली तरी स्वतः सरळ होते, म्हणून मला ती सगळ्यांत आवडते. टर्बो जास्त खाते, पण मोठी आणि जड असते, खडक ढकलून पाडते आणि उलटी पडली तर बऱ्याचदा तशीच राहते. लांब केसांसारखं शेवाळ वाढलं असेल तर आधी हातानं उपटून काढा. उरलेली खुंटं गोगलगायी खातात, लांब झिपऱ्यांना सहसा तोंड लावत नाहीत.

लाल, बुळबुळीत चादर पसरली असेल तर गोगलगाय मागवून पैसे घालवू नका. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे एक प्रकारचे जिवाणू, फार कुणी खात नाही. नळीनं ओढून काढा, पाण्याचा प्रवाह वाढवा, माशांचं खाणं कमी करा.

नॅसॅरियस ही गोगलगाय शेवाळ खात नाही. ती उरलेलं अन्न आणि मेलेलं मांस खाते. दिवसभर वाळूत गाडलेली असते, वर फक्त सोंडेसारखी नळी. कोळंबीचा तुकडा टाका, मिनिटभरात सगळ्या वर येतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी लूम बंद करून घरच्यांना वर बोलावलं होतं.

आता किती? विकणारा शंभर लिटरला वीस-तीस सांगेल. ऐकू नका. शेवाळ संपलं की त्या उपाशी मरतात, आणि मेलेल्यांचा अमोनिया पुन्हा शेवाळच वाढवतो. मी तीन ट्रोकसनं सुरुवात केली, दोन महिने थांबलो. आज चार ट्रोकस, तीन सेरिथ, पाच नॅसॅरियस आणि एक क्लीनर श्रिम्प (कोळंबीचीच एक जात) आहेत, दोन क्लाउनफिशच्या जोडीला. काच आठवड्यातून एकदा मी स्वतः घासतो. हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा खेकडा, मी ठेवत नाही. शंख हवा म्हणून ते गोगलगाईला मारतात. ठेवायचाच असेल तर थोडे मोठे रिकामे शंख टाकीत पसरून ठेवा. वाळू चाळणारा तारामासाही नको. वाळूतले बारीक जीव संपवून लहान टाकीत तो हळूहळू उपासमारीनं मरतो.

यापुढचं जरा सावकाश वाचा. चार वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र बदललं. बाष्पीभवनानं पाणी कमी झालं की मी त्याच यंत्राचं गोडं पाणी टाकीत भरायचो. तीन आठवड्यांत गोगलगायी काचेवरून गळून पडायला लागल्या. मासे ठणठणीत. खारटपणा (पाण्याचं विशिष्ट गुरुत्व) बघितला, १.०२५. तापमान २६. काही कळेना. शेवटी यंत्राचं माहितीपत्रक काढून वाचलं, तर आत तांब्याचं कार्ट्रिज! पिण्याच्या पाण्यात तांबं उतरावं म्हणून मुद्दाम घातलेलं. पाणी उडून जातं, तांबं मागे राहतं, दर भरण्याला थोडं थोडं साठत जातं. माशांना जेवढं सहन होतं तेवढ्यानं गोगलगाय आणि कोळंबी मरते. म्हणून टाकीसाठी साधं आरओचं पाणी वेगळं घ्या, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. घरच्या तांब्याच्या हंड्यातलं पाणी चुकूनही नको. माशांच्या औषधाच्या बाटलीवर कॉपर लिहिलं असेल तर ते वेगळ्या टाकीतच वापरा. आमच्यासारख्या जरीचं काम करणाऱ्या घरात हात साबणानं धुऊन, नीट खळबळूनच टाकीत घाला. नकली जरीत तांब्याची तार असते.

समुद्र जवळ आहे, आंबोली घाट उतरला की वेंगुर्ला. माझ्या मेव्हण्यानं एकदा खडकावरच्या गोगलगायी पिशवीभर आणल्या. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या त्या, रात्री टाकीबाहेर चढून सोप्यात वाळून गेल्या. किनाऱ्यावरचे काही शंख मांसाहारीही असतात, दुसऱ्या गोगलगायी खातात. शिवाय कायदा आहे. प्रवाळ आणि समुद्रकाकडी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत, आणि ट्रोकस निलोटिकस, टर्बो मार्मोरेटस या मोठ्या जातीही त्या यादीत आहेत. म्हणून विकत घेतानासुद्धा नेमकी जात विचारा.

माझा माल मुंबई किंवा बंगळूरहून रात्रीच्या बसनं येतो. पार्सल आलं की दिवे मंद करा, पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा. मग पिशवीतलं पाणी जिवांसकट डब्यात ओता, त्याचा खारटपणा मोजा. दुकानदाराचा बऱ्याचदा १.०२१ असतो, आपला १.०२५. बारीक नळीला सैल गाठ मारून टाकीचं पाणी थेंबथेंब सोडा. गोगलगाईला तासभर, श्रिम्पला दोन तास. डब्यातलं पाणी टाकीत ओतू नका, जीव तेवढे उचलून सोडा.

दुसऱ्या दिवशी एखादी उलटी पडलेली दिसली तर सरळ करून काचेलगत ठेवा. प्रवासानं दमलेली असते, लगेच मेली म्हणू नका. संध्याकाळपर्यंत हललीच नाही तर बाहेर काढून वास घ्या. मेलेल्या शंखाचा वास ओळखायला शिकवावं लागत नाही. तो आला तर टाकीत परत ठेवू नका, आणि त्याच रात्री अमोनिया तपासा.