वावर आखण्याचा खेळ : मुलांकडून खेळ रचून घेत भूमिती शिकवताना

सहावी ते आठवीच्या मुलांना भूमितीचे तयार खेळ देण्यापेक्षा त्यांनाच खेळ रचायला लावावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे. कारण नियम ढिसाळ राहिला की पहिल्याच डावात वाद होतो आणि तो मिटवण्यासाठी मुलांना व्याख्येकडे वळावेच लागते.

खानदेशातल्या मुलांना वावर (शेत) आणि बांध समजावून सांगावे लागत नाहीत, म्हणून सुरुवात तेथून करावी. चौकटीच्या वहीत १५ × १५ चौकटींचे शिवार आखावे. दोघांनी आळीपाळीने दोन फासे टाकावेत आणि येणारी बेरीज ही लांबी-रुंदीची बेरीज, म्हणजेच बांधाची निम्मी परिमिती, मानून आपल्या रंगाचे आयताकृती वावर आखावे. दुसऱ्याच्या वावरात शिरता येणार नाही. जागा नसेल तर डाव सोडावा, आणि लागोपाठ दोघांचेही डाव सुटले की क्षेत्रफळांची बेरीज करून निकाल लावावा.

बेरीज १० आली तर ९ × १ चे वावर ९ चौकटींचे होते आणि ५ × ५ चे २५ चौकटींचे, जरी बांध दोन्हींचा २० च असला तरी. हे फळ्यावर आधी मुळीच सांगू नये. काही डावांत मुले आपणहून चौरसाकडे झुकू लागतात, आणि शिवार भरत आले की चौरस मावत नसल्याने चिंचोळ्या पट्टीचाही विचार करावा लागतो.

पुढच्या तासाला चार-चार मुलांच्या गटांनी यातला एक नियम बदलावा, तो लिहून काढावा आणि तोंडी काहीही न सांगता दुसऱ्या गटाला खेळायला द्यावा. नियम अडला तरी शिक्षकाने मध्ये पडू नये. एखादा गट 'तिरके वावर चालेल' असे लिहितो, आणि खरी भूमिती तेथे सुरू होते. एका कोपऱ्यापासून २ चौकटी उजवीकडे व १ वर जाऊन बाजू आखली आणि तशाच चार बाजूंनी चौरस पूर्ण केला, तर त्याचे क्षेत्रफळ किती? त्याभोवती ३ × ३ चा चौरस काढला की कोपऱ्यांत प्रत्येकी १ क्षेत्रफळाचे चार काटकोन त्रिकोण उरतात. ९ मधून ४ गेले, राहिले ५. हे ५ म्हणजेच २ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, हे मुलांना स्वतःला दिसेपर्यंत पायथागोरसचे नाव काढू नये.

त्यानंतर भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथातले (इ.स. ११५०) मोर-सापाचे गणित द्यावे. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन झालेल्या मठाची नोंद असल्याने, हे गणित आपल्याच मुलखात शिकवले गेले असे मुलांना सांगता येते. खांब ९ हात उंच, पायथ्याशी बीळ, साप बिळापासून २७ हातांवर. खांबाच्या टोकावरून तिरकी झेप घेणारा मोर आणि बिळाकडे निघालेला साप सारखेच अंतर कापून भेटतात ते बिळापासून १२ हातांवर. मुलांनी उत्तर पूर्ण संख्येतच येईल अशा नव्या जोड्यांची पत्ते-कार्डे बनवावीत : खांब ३ तर साप ९ वर, खांब ५ तर साप २५ वर.

गुण देताना रंगकामाकडे पाहू नये. दुसऱ्या गटाला न विचारता खेळता आला का आणि वाद झाल्यावर नियमाचे वाक्य कसे सुधारले, एवढेच तपासावे, आणि त्यासाठी खोडलेली वाक्ये वहीत तशीच राहू द्यावीत.