गंभीर नाटकाला खुर्ची कुठली घ्यावी

विनोदी नाटक बाल्कनीच्या मागच्या रांगेतूनही रंगतं. शब्द कानावर पडला, शेजारचा हसला की आपणही हसतो. पण दोन-तीन माणसं एका खोलीत कोंडलेली, जुनं काहीतरी उकरून काढताहेत आणि मध्यंतराच्या आत कुणीतरी कोसळणार हे दिसतंय, अशा नाटकाला आपण कुठे बसतो यावर फार काही अवलंबून असतं. अशा नाटकात बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे जास्त बघावं लागतं. बायको नवऱ्याला काहीतरी विचारते. तो उत्तर देत नाही, नुसती चष्म्याची काडी दुमडतो आणि उघडतो. ती काडी दिसली नाही, तर नट संवाद विसरला की काय असं वाटतं. म्हणून जिथून दोघांचे चेहरे आणि दोघांचे हात एका नजरेत मावतात, ती खुर्ची शोधायची.

आधी पहिल्या रांगेचं बघू, कारण सगळ्यात महाग तिकीट तिचं आणि सगळ्यात मोठा गैरसमजही तिच्याचबद्दल. आपल्याकडच्या मोठ्या नाट्यगृहांत रंगमंच साधारण तीन ते साडेतीन फूट उंच असतो. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून पावणेचार-चार फुटांवर येतात. म्हणजे पहिल्या रांगेत बसलं की आपली नजर रंगमंचाच्या फळ्यांपासून जेमतेम अर्धा-एक फूट वर असते. मागच्या बाजूला कुणी जमिनीवर बसलं, गुडघ्यात डोकं घालून रडलं, पडलेली बांगडी शोधायला वाकलं, तर पुढचं टीपॉय किंवा सोफ्याची कड ते सगळं गिळून टाकते. गंभीर नाटकांत तर महत्त्वाच्या क्षणी माणसं हमखास जमिनीवर येतात. शिवाय नट पुढे आला की मान मागे टाकून त्याच्या हनुवटीकडे बघत बसावं लागतं. दोन अंकांत मान आखडते आणि लक्ष मानेकडे जातं. रंगमंचाच्या कडेला ठेवलेले माइकही याच रांगेच्या बरोबर डोळ्यांसमोर येतात. नटाच्या श्वासाचा आवाज ऐकायचा असेल, घामाचा थेंब बघायचा असेल, तर पहिली रांग जरूर घ्यावी, पण नाटक आधी एकदा पाहिलेलं असेल तेव्हा.

दुसरी, तिसरी, चौथी रांग फसवी असते. बऱ्याच नाट्यगृहांत पुढच्या काही रांगांची जमीन जवळजवळ सपाट असते, उतार मागे सुरू होतो. त्यामुळे पुढच्याचं डोकं थेट आड येतं. तिकीट घेताना खुर्च्यांचा नकाशा, म्हणजे ज्याला सगळे ‘प्लॅन’ म्हणतात, तो नीट बघा. मागच्या रांगेतली खुर्ची पुढच्या दोन खुर्च्यांच्या फटीत येत असेल तर निश्चिंत. बरोबर मागे येत असेल तर उंच माणसाची जोखीम आहे.

आता अंतराचा हिशोब. बोलक्या नाटकासाठी नाट्यगृह आखणारे वास्तुरचनाकार साधारण २० मीटर, म्हणजे ६५ फूट ही मर्यादा धरतात. त्यापलीकडे चेहऱ्यावरचे बारीक भाव वाचता येत नाहीत, नुसत्या हालचाली कळतात. पहिली रांग रंगमंचाच्या कडेपासून आठ फुटांवर आणि दोन रांगांमधलं अंतर तीन फूट धरलं, तर नववी रांग कडेपासून ३२ फुटांवर येते. पण नट कडेवर उभा नसतो, तो आणखी दहा-बारा फूट आत असतो. तो हिशोब घातला की सोळाव्या रांगेच्या आसपास ६५ फूट भरतात. यावरून ठरवायचं ते असं: पाचवी ते नववी रांग उत्तम, दहावी ते चौदावी चालेल, सोळावीच्या मागे गेलात तर चेहरा सोडून द्या आणि दृश्याची रचना बघायला आलोय असं समजून बसा.

रचना बघणं हाही मोठा आनंद आहे, तो कमी लेखू नका. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली आलं, त्यात गाणाऱ्या ब्राह्मणांची रांगच पडदा होते, भिंत होते, वळते आणि फुटते. असं समूहाच्या हालचालीवर उभं असलेलं नाटक बाल्कनीच्या मधल्या भागातून जास्त खुलतं, कारण तिथून आकृती दिसते. उलट ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (पहिला प्रयोग १९६७) घ्या. शेवटच्या अंकात खोट्या खटल्यातली आरोपी बेणारे बराच वेळ गप्प असते आणि बाकीचे एकेक करून तिच्यावर तुटून पडतात. तिथे तिचा चेहरा आणि बोलणाऱ्यांचे चेहरे एकाच वेळी दिसायला हवेत. त्याला सातवी-आठवी रांग, मध्याच्या जवळ. बाल्कनीतून ती गर्दीतली एक मान खाली घातलेली आकृती होते, आणि तिच्या गप्प बसण्यात जे चाललेलं असतं ते हुकतं.

बाजूच्या खुर्च्यांचा नियम सोपा आहे, पण तो उलटा लक्षात ठेवला जातो. तुम्ही उजव्या टोकाला बसलात तर रंगमंचाचा उजवाच मागचा कोपरा हरवतो. रंगमंचाच्या पुढच्या चौकटीची, म्हणजे कमानीची, उजवी कड तुमच्या आड येते. डावा भाग उलट जास्त दिसतो, कधीकधी विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाला, उभा असलेला नटसुद्धा दिसतो, आणि त्याची एंट्री होण्याआधीच तुम्हाला कळून चुकतं. खोलीचं नेपथ्य तीन बाजूंनी फ्लॅट, म्हणजे भिंतीसारखे रंगवलेले पडदे, लावून केलेलं असेल तर तुमच्या बाजूच्या भिंतीवरची खिडकी, दार, फोटो तिरके होऊन जातात. यावर तोडगा एकच: कमानीच्या दोन कडांमधून प्रेक्षागृहात सरळ रेषा ओढल्यात असं समजा आणि त्या रेषांच्या आत बसा. बरोबर मध्यावरची खुर्ची मिळालीच पाहिजे असा हट्ट मात्र नको. मध्यापासून तीन-चार खुर्च्या सरकून बसलं की दोन समोरासमोर बसलेल्या पात्रांपैकी एकाचा चेहरा जास्त मोकळा दिसतो, आणि कुठल्या पात्राच्या बाजूने नाटक बघायचं हे तुम्ही नकळत निवडता.

नेपथ्यात दोन जागा असतील तर हे आणखी महत्त्वाचं. ‘सखाराम बाइंडर’मध्ये बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर दोन्ही समोर असतात. एकीकडे बोलणं चालू असतं, दुसरीकडे कुणीतरी ऐकत असतं. अशा नाटकाला टोकाची खुर्ची घेतली की एक खोली दुरावते आणि अर्धा ताण निघून जातो.

म्हणून बुकिंग करण्याआधी नाटक पाहून आलेल्या कुणाला तरी गाठा. नाट्यप्रेमी माणसं बोलायला उत्सुक असतात, पण त्यांना ‘कसं आहे?’ विचारलं की ती गोष्ट सांगून मोकळी होतात आणि शेवटही फुटतो. प्रश्नच असे करा की उत्तरात कथा येणार नाही. नेपथ्य एकाच खोलीचं आहे की दोन जागा आहेत? पात्रं बराच वेळ जमिनीवर बसतात का? शेवटचा प्रसंग मध्ये घडतो की एका बाजूला? प्रकाश खूप मंद आहे का? कुजबुजीत संवाद आहेत का? बंदुकीचा आवाज, धूर, डोळ्यांवर येणारा लखलखाट आहे का? बाजूबद्दल विचारताना एक अडचण येते. रंगकर्मी ‘उजवीकडे’ म्हणतो तेव्हा बऱ्याचदा नटाची उजवी बाजू सांगत असतो, ती प्रेक्षकाची डावी. ‘आपण बसलो की कुठल्या हाताला?’ असंच विचारा, गोंधळ राहत नाही.

आवाजाचं गणित वेगळं आहे. रंगमंचाच्या कडेचे आणि वरून टांगलेले माइक नट पुढे असताना चांगलं पकडतात. तो मागे जाऊन पाठ फिरवून बोलला की आवाज पडतो. पुढच्या आठ-दहा रांगांत नटाचा मूळ आवाजही पोचतो, त्यामुळे तिथे तितका फरक जाणवत नाही. मागे मात्र सगळी भिस्त स्पीकरवर. कमानीच्या बाजूच्या स्पीकरच्या अगदी समोर बसलात तर नट डावीकडे आणि शब्द उजवीकडून, असा विचित्र अनुभव येतो आणि मन त्या पात्राशी जोडलं जात नाही. दुसरी वाईट जागा म्हणजे बाल्कनीच्या खालच्या शेवटच्या रांगा. वरचं छत डोक्यावर उतरलेलं असतं आणि आवाज बोथट होऊन येतो. ऐकू कमी येत असेल तर या रांगा कितीही स्वस्त असल्या तरी घेऊ नका. चौथी-पाचवी रांग घ्या, पुढच्याचं डोकं सोसा, पण ओठ आणि शब्द दोन्ही मिळतील.

बाल्कनीत बसायचंच असेल तर पहिल्या रांगेआधी कठड्याचा विचार करा. ताठ बसलं की दिसतं, मागे रेललं की कठडा रंगमंचाची पुढची कड कापतो, आणि पुढे झुकलात तर मागच्याचं नाटक बुडतं. दुसरी किंवा तिसरी रांग बरी. खालच्या प्रेक्षकांचे मोबाइलही वरून चमकताना दिसतात, मंद प्रकाशाच्या नाटकात ते फार टोचतं.

पैशांची एक साधी युक्ती. दरांची सीमा कुठल्या रांगेवर आहे ते प्लॅनवर बघा. वरच्या दराची शेवटची रांग आणि खालच्या दराची पहिली रांग यांत तीन फुटांचं अंतर असतं आणि पैशांत चांगलाच फरक. ती सीमा आठव्या-दहाव्या रांगेच्या आसपास असेल तर खालच्या दराची पहिली रांग पकडा. पुण्याच्या बालगंधर्वात काय, दादरच्या शिवाजी मंदिरात काय, मधल्या खुर्च्या प्लॅन उघडल्याच्या, म्हणजे तिकीटविक्री सुरू झाल्याच्या, पहिल्या दिवसांतच जातात, त्यामुळे रविवारच्या जाहिरातीत प्रयोग दिसला की त्याच दिवशी ठरवा. ऑनलाइन सगळं भरलेलं दिसलं तरी तिकीटबारीवर एकदा विचारा. बुकिंग क्लार्कला नाट्यगृहाची खुर्ची न् खुर्ची पाठ असते. ‘मधली, सातवी-आठवी, समोर खांब किंवा कॅमेरा नको’ एवढं सांगितलं की तो योग्य जागेवर बोट ठेवतो. पहिली रांग ‘ए’च असेल असं धरून चालू नका, काही ठिकाणी तिच्यापुढे आणखी रांगा लावतात. आणि एखाद्या संस्थेने पूर्ण प्रयोग विकत घेतला असेल तर प्लॅन उघडतच नाही, तिथे वाट बघण्यात अर्थ नाही.

छोट्या रंगमंचांना हे सगळं लागू पडत नाही. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये प्रेक्षक तीन बाजूंना बसतात, खुर्च्या चढत्या आहेत आणि एकूण जागा दोनशेच्या आसपास. तिथे पहिली रांग उत्तम, कारण रंगमंच उंच नाही आणि नट हाताच्या अंतरावर असतो. फक्त बाजूच्या भागात बसलं की कुणाची तरी पाठ वाट्याला येते. संवादावर चालणाऱ्या नाटकाला मधला भाग, शारीरिक झटापटीच्या नाटकाला बाजू. तिथे उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत, तेव्हा अर्धा तास आधी रांगेत उभं राहावं. मुंबईतल्याच एनसीपीए या कलाकेंद्राच्या एक्सपेरिमेंटल थिएटरमध्ये खुर्च्यांची मांडणी प्रयोगागणिक बदलू शकते, त्यामुळे मागच्या खेपेची आवडती जागा या वेळी तीच असेल असं नाही. पोचल्यावर आधी रंगमंच कुठे आहे ते बघा आणि मग बसा.

कडेची, म्हणजे जाण्यायेण्याच्या वाटेवरची खुर्ची गुडघे दुखणाऱ्यांनी, लघवीला वारंवार जावं लागणाऱ्यांनी आणि दाटीत जीव घाबरणाऱ्यांनी जरूर घ्यावी. बाकीच्यांनी टाळावी. तिसऱ्या घंटेनंतर बॅटरीच्या उजेडात येणारी माणसं पहिली दहा मिनिटं तिथूनच जातात, आणि या प्रकारच्या नाटकात सगळी गाठ पहिल्या दहा मिनिटांत बांधलेली असते. बाहेर जायच्या दारावरचा दिवाही डोळ्यांत येतो. पूर्ण अंधाराचे प्रसंग असतील तर त्या दाराजवळची खुर्ची नको. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर बाल्कनीच्या पायऱ्या आणि मध्यंतरातली गर्दी धरून खालचंच तिकीट काढा.

चौघेजण मिळून जात असाल तर चार सलग खुर्च्यांच्या हट्टापायी टोकाला जाऊ नका. दोन-दोनच्या जोड्या एकामागोमाग रांगांत घ्या. नंतर चहाच्या टपरीवर बोलताना दोन वेगळ्या जागांवरून दिसलेलं नाटक पुढ्यात येतं. एकाला तिचा थरथरणारा हात दिसलेला असतो, दुसऱ्याला तो बघून नजर वळवणारा नवरा. मग वाद घालायला खरा मुद्दा मिळतो.

आणि बसल्यावर कळलं की समोर उंच माणूस आहे किंवा खांब आड येतोय, तर पहिल्या अंकात चुळबुळ करू नका. तुमची चुळबुळ मागच्या चौघांना दिसते. मध्यंतरात दारावरच्या माणसाला गाठा, कुठल्या रांगेत रिकामी जागा आहे ते विचारा आणि पडदा उघडायच्या आत तिथे जाऊन बसा.