चालताना-पळताना पोटात वर दुखतं? आधी हे चेक करा

गोळी नंतर घ्या, आधी दुखणं कधी येतं आणि कधी जातं ते बघा. जिना चढला किंवा भराभर चाललं की छातीच्या हाडाखाली, बेंबीच्या वर जड होतं, आवळल्यासारखं वाटतं आणि थांबलं की पाचेक मिनिटांत आपोआप जातं, असं असेल तर गॅस समजून अँटासिड पीत बसू नका, हृदयाला रक्त कमी पडतं तेव्हाही असंच दुखतं (अंजायना), आणि डायबेटिसवाले, वयस्कर माणसं, बायका यांच्यात कधीकधी छातीत काहीच होत नाही, फक्त पोटातच जाणवतं. ढेकर आली नि बरं वाटलं म्हणजे गॅसच होता असं नाही, तेवढ्यात तुम्ही थांबलेलेही असता ना! डॉक्टर बघेपर्यंत व्यायाम बंद. आणि बसल्या जागी काढलेला ईसीजी नॉर्मल आला तरी विषय संपत नाही, स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासतात ती) करायची का ते विचारा.

बसूनही कमी होत नाहीये, घाम सुटलाय, दम लागलाय, जबडा किंवा हात दुखतोय, तर सरळ अ‍ॅम्ब्युलन्स. स्वतः गाडी चालवत जायचं नाही.

पळताना बरगडीखाली एका बाजूला कळ येते ती वेगळी, ती बहुतेक वेळा निरुपद्रवी. स्पीड कमी करा, पुढे वाका, दुखतं तिथे हाताने दाबून हळूहळू खोल श्वास घ्या. पळायच्या आधी दोन-तीन तास पोटभर जेवू नका, गोड ज्यूस तर नकोच, पाणी घोटघोट प्या.

जळजळ आणि तोंडात आंबट येत असेल तर अ‍ॅसिडिटी. वजन उचलताना, क्रंचेस मारताना पोटावर दाब येऊन अ‍ॅसिड वर चढतं, इथे जेवणानंतरची गॅप वाढवून फरक पडतो.

दुखणं पोटाच्या स्नायूचं आहे का बघायचं तर उताणं झोपा, दुखऱ्या जागी बोट दाबून ठेवा आणि डोकं-खांदे उचला, दुखणं वाढलं तर बहुतेक पोटाच्या भिंतीतलंच आहे, थोडे दिवस पोटाचे व्यायाम बंद करा. तिथे गाठ लागली तर हर्निया असू शकतो, सर्जनला दाखवा.

पित्ताशयाचे खडे सहसा श्रमाने नाही तर तेलकट जेवणानंतर उजवीकडे दुखतात, सोनोग्राफीत दिसतात. आणि अंगदुखीसाठी रोज पेनकिलर घेत असाल तर डॉक्टरांना ते आधी सांगा, काही पेनकिलरने अल्सर (पोटात आतून जखम) होऊ शकतो, शी काळी डांबरासारखी झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.