वी हेवी चाखायची कशी?

‘वी हेवी’ ही स्कॉटलंडची जड एल, म्हणजे बिअरचा एक प्रकार. तिच्यात माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीची, चव पुढे असते. अल्कोहोल साधारण 6.5 ते 10 टक्के, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) कडूपणा बेताचा. सुरुवात ट्रॅक्वेअर हाउस एलपासून करावी. 7.2 टक्क्यांची ही एल स्कॉटलंडमधल्या ट्रॅक्वेअर हाउस या जुन्या वाड्यातच, ओकच्या टाक्यांत आंबते. तिथली बंद पडलेली ब्रुअरी पीटर मॅक्सवेल स्टुअर्ट यांनी 1965 साली पुन्हा सुरू केली.

सगळ्यात जास्त घोळ तापमानात होतो. फ्रिजमधल्या 4 अंशांवर वास मिटून जातो आणि करपट कडवटपणा तेवढा पुढे येतो. हिला 10 ते 13 अंश हवेत. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात बाटली वीसेक मिनिटं बाहेर ठेवली की पुरतं. एसीच्या खोलीत अर्धा-पाऊण तास लागतो.

ग्लास ट्युलिपच्या आकाराचा, नाहीतर ब्रँडीचा. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस लगेच बसतो, म्हणून साध्या पाण्याने नीट खळबळून उपडा वाळवावा. ओतायची फक्त 100-120 मिली, म्हणजे वर वास साठायला जागा राहते.

फेस आहे तोवर दोन-तीन छोटे हुंगे घ्यावेत, मग ग्लास हलकेच फिरवून पुन्हा. काकवी, खजूर, मनुका, पावाची खरपूस कड असं काही सापडायला हवं. ही काकवीची छटा पारंपरिक पद्धतीत काढा, म्हणजे आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, बराच वेळ उकळल्याने येते. व्हिस्कीसारखा पीटचा (दलदलीतल्या जळाऊ मातीचा) धूर मात्र शोधू नये. स्कॉटिश एलचा तो पारंपरिक गुण नाहीच.

घोट पाचेक सेकंद तोंडात घोळवून गिळावा आणि नाकाने श्वास सोडावा. थुंकून टाकला तर शेवट, म्हणजे गिळल्यावर मागे राहणारी चव, कळत नाही, आणि हिची खरी परीक्षा शेवटातच आहे. सुरुवात गोड, पण गिळल्यावर जीभ कोरडी व्हायला हवी. अगदी थोड्या प्रमाणात घातलेलं भाजलेलं बार्ली ते काम करतं. पाकासारखी चिकट गोडी मागे राहिली तर बहुधा आंबणं अर्ध्यात थांबलेलं असतं.

बटरस्कॉचचा ठसठशीत वास आणि जिभेवर बुळबुळीतपणा म्हणजे डायअसिटिल: बिअर यीस्टवरून लवकर काढली. ओल्या पुठ्ठ्याचा वास प्राणवायू लागल्याचा. मुरवलेल्या बाटलीत शेरीची (एका स्पॅनिश वाइनची) छटा आली तर तो दोष धरू नये. घशात स्पिरिटसारखं जळलं तर बहुतेक वेळा आंबवताना उष्णता जास्त झालेली असते.

तळाशी दोन घोट राखून पंधरा मिनिटांनी प्यावेत. 16 अंशांच्या आसपास सुकामेवा उघडतो, आणि दोष असेल तर तोही लपत नाही.